प्रसूती रजा नेमकी कधीपासून घ्यायची? पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांसाठी

गरोदर असल्याचं ऑफिसात सांगितलं की अभिनंदनाच्या पाठोपाठ प्रश्न येतो, "मग रजा कधीपासून?" पहिल्या खेपेला याचं उत्तर कुणाकडेच तयार नसतं. आई म्हणते सातव्यातच घरी बस. मैत्रीण म्हणते, मी तर शेवटच्या दिवसापर्यंत काम केलं. आणि एचआरचा फॉर्म येतो, त्यात एकच रकाना: रजा सुरू होण्याची तारीख.

माझं सांगणं असं आहे की तारखा दोन ठरवा. एक रजेची, जी फॉर्मवर जाईल. दुसरी त्याच्या दोन-चार आठवडे आधीची. हिला मी तयारीची तारीख म्हणते. या दिवसापासून पुढे तुम्ही कधीही, अगदी उद्या सकाळी, कामावर आला नाहीत तरी कुणाचं काही अडता कामा नये. ही दुसरी तारीख नीट पाळली की पहिलीची धास्ती बरीच कमी होते, कारण मग ती चार दिवस इकडेतिकडे झाली तरी चालतं.

आधी ड्यू डेट आणि आठवडे पक्के करा

ड्यू डेट काढतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून आलेली तारीख जास्त भरवशाची. पुढच्या सोनोग्राफींमध्ये बाळाच्या वाढीप्रमाणे ही तारीख मागेपुढे छापून येते. त्याने गोंधळून जाऊ नका. डॉक्टरांनी तुमच्या फाइलवर जी कायम केली आहे तीच धरून चाला.

घरात आपण महिने मोजतो. दवाखान्यात आणि रजेच्या नियमांत आठवडे चालतात. "नववा लागला" म्हणतो तेव्हा साधारण ३५ आठवडे झालेले असतात. शिवाय "३६ आठवडे पूर्ण" आणि "३६वा आठवडा चालू" यांत आठवड्याचा फरक पडतो. अर्जात नेहमी पूर्ण झालेले आठवडे आणि त्यापुढे तारीख, असं दोन्ही लिहा.

दुसरी गोष्ट, ड्यू डेटच्याच दिवशी जन्मणारी बाळं वीसात एखादंच. ३७ ते ४२ आठवड्यांच्या मधे कधीही बाळंतपण होऊ शकतं, आणि पहिलटकरणीचे दिवस थोडे वरही जातात. म्हणून कॅलेंडरवर एका तारखेभोवती गोल करण्याऐवजी पाच आठवड्यांचा पट्टा रंगवा.

एक उदाहरण घेऊ, पुढे हेच वापरू. ड्यू डेट २० नोव्हेंबर. म्हणजे ३४ आठवडे पूर्ण होतात ९ ऑक्टोबरला, ३६ पूर्ण २३ ऑक्टोबरला, ३७ पूर्ण ३० ऑक्टोबरला, ३८ पूर्ण ६ नोव्हेंबरला आणि ४२ पूर्ण ४ डिसेंबरला. तुमच्या तारखेवरून हीच पाच गणितं करून कागदावर लिहून ठेवा. निम्मी चर्चा तिथेच सोपी होते.

मग नियम वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका

नियम देशागणिक बदलतात आणि त्यातले काही थेट तुमच्या तारखेवर परिणाम करतात. भारतात १९६१च्या कायद्याने मिळणारी १२ आठवड्यांची रजा २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीची दोन मुलं असतील तर एकूण १२ आणि आधीचे जास्तीत जास्त ६. ब्रिटनमध्ये रजा एकूण ५२ आठवडे, आणि ती बाळ अपेक्षित असलेल्या आठवड्याच्या ११ आठवडे आधीपासून सुरू करता येते. जर्मनीत आधीचे ६ आणि नंतरचे ८ आठवडे ठरलेले आहेत. आधीच्या सहा आठवड्यांत स्त्रीने स्वतःहून काम करायचं म्हटलं तर करू शकते, नंतरच्या आठवड्यांत मात्र नाही. अमेरिकेत १९९३च्या संघीय कायद्याने पात्र असलेल्यांना १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०००च्या करारात किमान १४ आठवडे आणि त्यातले ६ बाळंतपणानंतर सक्तीचे, असं म्हटलं आहे.

तुमच्या ठिकाणी काय चालतं ते एचआरकडून लेखी विचारून घ्या. मी असते तर हे एवढं विचारलं असतं: एकूण रजा किती आणि त्यातली आधी किती घेता येते? बाळ उशिरा आलं तर ते जास्तीचे दिवस नंतरच्या रजेतून कापले जातात का? बाळ लवकर आलं तर न वापरलेले आधीचे दिवस पुढे मिळतात का? शेवटच्या महिन्यात आजारपणाची रजा टाकली तर तिचीच प्रसूती रजा होते का? साप्ताहिक सुट्ट्या आणि सण धरून मोजता की सोडून? शिल्लक राहिलेली हक्काची रजा याला जोडता येते का, आणि ती आधी की नंतर? पगार नियमित तारखेला येतो की रजेच्या काळात वेगळ्या पद्धतीने?

आजारपणाच्या रजेचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो जरूर विचारा. ब्रिटनमध्ये शेवटच्या ४ आठवड्यांत गरोदरपणाशी संबंधित कारणाने एक दिवस जरी कामावर गेला नाहीत तरी प्रसूती रजा आपोआप सुरू होऊ शकते. ज्यांनी ३९ आठवड्यांपर्यंत काम करायचं ठरवलेलं असतं त्यांचं सगळं गणित अशा एका दिवसाने बदलतं.

आता तुमचं काम आणि तुमचं शरीर

खरा निर्णय इथे होतो. ड्यू डेट सारखीच असलेल्या दोघींची रजेची तारीख महिन्याने वेगळी असू शकते, आणि दोघींचंही बरोबर असतं.

आधी कामाचा दिवस उभा-आडवा बघा. दिवसातले किती तास उभं राहावं लागतं? मधेच बसायला मिळतं का? स्वच्छतागृह किती लांब आहे? वजन उचलावं लागतं का, शिडी चढावी लागते का, उष्णता, रसायनं, मोठा आवाज, रात्रपाळी? फार वेळ उभं राहणं, जड उचलणं आणि रात्रपाळी यांचा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी थोडाफार संबंध अभ्यासांत दिसला आहे. त्याने घाबरून जायचं कारण नाही. पण असं काम असेल तर रजेची वाट न पाहता आधीच हलक्या कामाची मागणी करा. कित्येक ठिकाणी ती तुमचा हक्कच असते, आणि डॉक्टरांची एक चिठ्ठी पुरते.

बसून काम असलं की सोपं असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. सलग बसण्याने पायांची सूज वाढते, पाठ धरते, आणि गरोदरपणात रक्ताच्या गुठळीचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. तासाभराने उठून दोन मिनिटं चाला, पायांखाली उंच स्टूल घ्या. हे आजपासूनच करा.

प्रवासाचा हिशेब बहुतेक जणी विसरतात. काम आठ तासांचं, पण गर्दीत उभ्याने तास-दीड तास जाणं आणि तेवढंच येणं असेल तर शेवटच्या महिन्यात थकवतो तो प्रवासच. अशा वेळी काम सोडण्याआधी प्रवास सोडता येतो का ते पाहा. ३४ किंवा ३६ आठवड्यांपासून घरून काम, किंवा गर्दी टाळून उशिरा जाणं-लवकर निघणं. कामासाठी विमानप्रवास असेल तर लक्षात ठेवा, बऱ्याच विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर सहसा बसूच देत नाहीत. जुळं असेल तर त्याही आधी.

आणि शरीर. या काळात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढलेलं असतं, हृदय तेवढं जास्त काम करत असतं, आणि वर सरकलेलं गर्भाशय फुप्फुसांना खालून दाबत असतं. म्हणून जिना चढताना धाप लागते. रात्री दर दोन तासांनी लघवीला उठावं लागतं, कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं. सकाळी चप्पल बरोबर बसते, संध्याकाळी तिचा पट्टा पायात रुततो. अशी रात्र काढून सकाळी नऊच्या मीटिंगला बसलेल्या बाईला "अजून तर बरी दिसतेस" म्हणणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नये.

तुमचा थकवा कळण्यासाठी एक सोपी नोंद ठेवा. ३० आठवड्यांपासून रोज संध्याकाळी वहीत एकच ओळ: आज किती झोप झाली, काय दुखलं, घरी आल्यावर काही करण्याइतका जीव होता का. दोन-तीन आठवड्यांच्या ओळी एकत्र वाचल्या की घसरण कुठून सुरू झाली ते दिसतं. एखाद्या वाईट दिवशी रजेचा निर्णय घेऊ नका, एखाद्या चांगल्या दिवशी तो पुढेही ढकलू नका. ही वही तपासणीला सोबत न्या. "थकवा येतो" म्हणण्यापेक्षा डॉक्टरांना तिचा जास्त उपयोग होतो.

जिथे तारीख डॉक्टरच ठरवतात

बीपी वाढलेलं असेल, शुगर आटोक्यात नसेल, वार खाली असेल, गर्भाशयाचं तोंड आखूड असल्याचं सांगितलं असेल, आधीचं बाळंतपण अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा जुळं असेल, तर वरचं गणित बाजूला ठेवा. जुळी बाळं पुष्कळदा ३७ आठवड्यांच्या आतच येतात, तेव्हा तुमचा पट्टाच मागे सरकतो. डॉक्टरांना नेमकं विचारा: काम करू का, किती तास, कोणत्या प्रकारचं, कोणत्या आठवड्यापर्यंत? नुसतं "आराम करा" यावर समाधान मानू नका. दिवसभर पडून राहिल्याने अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टळतं असं सिद्ध झालेलं नाही, आणि फार काळ हालचाल बंद ठेवण्याचे स्वतःचे तोटे आहेत. तुमच्या बाबतीत आराम म्हणजे काय, ते त्यांच्याकडून स्पष्ट करून घ्या.

सिझेरियन आधीच ठरलं असेल तर उलट सोपं. दुसरं काही कारण नसेल तर ते साधारण ३९ आठवड्यांना करतात. पण कळा त्याआधीही सुरू होऊ शकतात, म्हणून तयारीची तारीख इथेही हवीच.

प्रत्येक आठवड्याची किंमत मांडा

एकूण रजा ठरलेली असेल, तर आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या रजेतून जातो. आपल्या उदाहरणात रजा २६ आठवड्यांची धरू. ९ ऑक्टोबरपासून घेतली आणि बाळ अगदी २० नोव्हेंबरला आलं, तर बाळासोबत २० आठवडे मिळतील. ६ नोव्हेंबरपासून घेतली तर २४. बाळ आठवडाभर उशिरा आलं तर दोन्हींतला एकेक आठवडा आणखी कमी.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की शेवटपर्यंत काम करावं आणि सगळी रजा बाळासाठी राखावी. मला ते सरसकट पटत नाही. बाळंतपण हे मोठं श्रमाचं काम आहे, आणि त्यात अर्धवट झोपेने, ताणाने थकून जाण्यात काही शहाणपण नाही. तब्येत ठीक, बसून काम, प्रवास कमी किंवा घरून काम अशी स्थिती असेल तर ३७ ते ३८ आठवडे पूर्ण होताना रजा घेणं मला योग्य वाटतं. उभ्याने काम किंवा रोजचा लांबचा प्रवास असेल तर ३४ ते ३६. शरीर कष्टाचं काम असेल आणि हलकं काम मिळत नसेल तर नियम परवानगी देईल तितक्या लवकर. ज्या ३९ आठवडे पूर्ण होईपर्यंत आनंदाने काम करतात त्यांना मी अडवणार नाही. फक्त ते त्यांनी स्वतः ठरवलेलं असावं, साहेबांचं मन मोडवत नाही म्हणून नव्हे.

मधला मार्गही असतो आणि तो फारसा कुणी सुचवत नाही. शिल्लक असलेली हक्काची रजा शेवटच्या महिन्यात तुकड्यांनी वापरा: ३४ आठवड्यांपासून दर बुधवारी सुट्टी, ३६पासून आठवड्यातून दोन दिवस. मधे एक दिवस अंग टेकायला मिळालं की उरलेले दिवस निभतात, आणि प्रसूती रजेला हात लागत नाही. पगार कमी होणार असेल किंवा रजा बिनपगारी असेल तर हा पर्याय आणखीच महत्त्वाचा. नवऱ्याला रजा मिळत असेल तर तिची आखणीही याच कागदावर करा. दोघांच्या रजा एकावर एक घ्यायच्या की पाठोपाठ, यावर तुमच्या रजेचा शेवट अवलंबून असतो.

बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी जायचं असेल तर प्रवासाची तारीख आधी ठरवा आणि रजा तिला जोडा. तिथल्या दवाखान्यात आधीच नाव नोंदवा, सगळे रिपोर्ट सोबत घ्या. शेवटच्या आठवड्यात लांबचा प्रवास करून नवख्या डॉक्टरांसमोर कळा घेऊन उभं राहण्याची वेळ येऊ नये.

तयारीची तारीख: ३४ आठवडे पूर्ण

मी ती ३४ला धरते. उदाहरणात ९ ऑक्टोबर. जुळं किंवा जोखमीचं असेल तर ३० किंवा ३२. या तारखेपासून तीन गोष्टी पाळायच्या: फक्त तुमच्यावर अवलंबून असलेलं नवं काम घ्यायचं नाही, प्रत्येक चालू कामाचा दुसरा माणूस ठरलेला असला पाहिजे, आणि रोज निघताना कामाची यादी अद्ययावत करून निघायचं.

हँडओव्हरची यादी कशी असावी? "वेंडरचं बिल प्रलंबित" अशी ओळ निरुपयोगी आहे. "सप्टेंबरचं छपाईचं बिल, अकाउंट्सकडे ५ तारखेला दिलं, जीएसटी क्रमांकाची दुरुस्ती होऊन यायची आहे, १५पर्यंत आलं नाही तर अकाउंट्समध्ये फोन करणे, मूळ बिल निळ्या फाइलमध्ये" अशी ओळ वाचून कुणीही काम पुढे नेऊ शकतं. कुठे थांबलंय, पुढचं पाऊल कोणतं, कधीपर्यंत, कागद कुठे: प्रत्येक ओळीत ही चार उत्तरं हवीत. मग ज्याला काम द्यायचंय त्याला आठवडाभर ते तुमच्यासमोर करू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि हात लावू नका. यादीत काय राहून गेलंय ते तेव्हाच कळतं.

अर्ज आणि बोलणी

साहेबांशी आधी तोंडी बोला, मग त्याच दिवशी लेखी द्या. किती आधी कळवायचं याची मुदत नियमांत असते. ती पाळाच, पण जमलं तर २८ ते ३० आठवड्यांच्या सुमारास बोलून घ्या. अर्ज छोटा ठेवा:

"माझी प्रसूतीची अपेक्षित तारीख २० नोव्हेंबर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी ६ नोव्हेंबरपासून (३८ आठवडे पूर्ण) प्रसूती रजेवर जाऊ इच्छिते. वैद्यकीय कारणाने किंवा प्रसूती लवकर झाल्यास रजा त्या दिवसापासून सुरू समजावी. ९ ऑक्टोबरपर्यंत कामाचे हस्तांतरण पूर्ण करेन. रजा मंजूर झाल्याचे लेखी कळवावे."

रजा लवकर सुरू होण्याबद्दलचं वाक्य वगळू नका. पोच घ्या, ईमेलची प्रत स्वतःच्या वैयक्तिक मेलवर ठेवा, कारण रजेच्या काळात ऑफिसचा मेल बंद असू शकतो. तारीख पुढेमागे करायची झाली तर तेही लेखीच.

"प्रोजेक्ट संपेपर्यंत थांबशील का?" असं विचारलं जाईल. लगेच हो म्हणू नका. "डॉक्टरांशी बोलून सोमवारी सांगते" एवढं पुरेसं आहे.

तारीख काहीही असो, तेव्हाच काम थांबवा

अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, ३७ आठवड्यांच्या आत नियमित कळा किंवा पोट वारंवार दगडासारखं घट्ट होणं, जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली जोरात दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, एका पायात दुखरी सूज, छातीत दुखणं, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. यातलं काहीही झालं तर हातातला मेल पुरा करत बसू नका. लगेच दवाखान्यात फोन करा आणि निघा. एकटीने गाडी चालवत जाऊ नका. शेजारच्या टेबलावरच्या एका तरी व्यक्तीला तुमच्या दवाखान्याचा आणि घरचा नंबर आधीपासून माहीत असू द्या.

यासाठीच ३४ आठवड्यांच्या सुमारास एक मेसेज तयार करून नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या फोनमध्ये ठेवा, साहेबांचा आणि एचआरचा नंबर त्यातच घालून: "हिला आज दवाखान्यात दाखल केलं आहे. रजा आजपासून सुरू समजावी. कामाची यादी नेहमीच्या फोल्डरमध्ये आहे. कागदपत्रं आठवड्याभरात पाठवतो." गडबडीत त्यांना फक्त पाठवायचं बटण दाबावं लागेल.